द जेनचं ‘फ्रॅजाइल ऑब्जेक्ट्स’: रबर आणि शाईसाठी घ्याच, शिक्षणावरचा भाग चाळला तरी चालेल

पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचे पदार्थ) नाहीतर लिक्विड क्रिस्टल (द्रव आणि स्फटिक यांच्या मधली अवस्था) वाले सोडले तर पिएर-जिल द जेन हे नाव फारसं कुणाच्या कानावर नसतं, असलंच तर १९९१ चं फिजिक्सचं नोबेल (एकट्याला मिळालेलं बरं का, वाटून नाही) एवढंच. नोबेलनंतर हा माणूस फ्रान्सभर शाळांमध्ये पोरांशी बोलत हिंडला आणि त्या गप्पांमधून जाक बादोझ या दुसऱ्या फिजिसिस्टसोबत हे पुस्तक झालं, फ्रेंचमध्ये १९९४ ला. मी इंग्रजी अनुवाद वाचला.

रबराचा भाग म्हणजे कमाल आहे. अ‍ॅमेझॉनमधले आदिवासी हेविया म्हणजे रबराच्या झाडाचा चीक पायाला फासायचे, वाळला की बूट तयार. चिकातले रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे, एकमेकांत गुंतलेले पण सुटे, म्हणून तो वाहतो. हवेतला ऑक्सिजन त्यांना मध्येच कुठेतरी टाका घालतो आणि झालं, ताणलं तर परत जागेवर येणारं रबर! आणि हे व्हायला साधारण दोनशे कार्बन अणूंमागे एकाचीच रिअ‍ॅक्शन पुरते, बाकी सगळं जसंच्या तसं. इथे मी पुस्तक खाली ठेवून जरा वेळ बसलो. गंमत म्हणजे तोच ऑक्सिजन मग साखळ्या तोडायलाही लागतो, त्यामुळे बूट लवकरच फाटतात. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाने १८३९ मध्ये गंधक वापरलं, ते टाके घालतं पण ऑक्सिजनसारखी तोडफोड करत नाही, म्हणून रबर टिकायला लागलं.

शाईचंही तसंच. नुसती काजळी पाण्यात टाकली की कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, थोडा डिंक घातला की तो कणांवर चढून बसतो आणि त्यांना जवळच येऊ देत नाही. बस.

त्याची स्वतःची सगळ्यात भारी थिअरी मात्र इथून शिकायला जाऊ नका. १९७१ मध्ये त्याने मांडलं की इतर साखळ्यांच्या गर्दीत अडकलेली रेणूची साखळी आडवी हलूच शकत नाही, स्वतःच्या लांबीच्या दिशेनेच सरकत बाहेर पडते, म्हणून लांबी दुप्पट झाली की सुटायला आठपट वेळ (प्रयोगात दहापटीच्या आसपास निघतो, त्यावर नंतर बरीच डोकेफोड झाली). ते नीट हवं तर त्याचं १९७९ चं ‘स्केलिंग कन्सेप्ट्स’ घ्या, पण स्टॅटिस्टिकल फिजिक्स येत असेल तरच, नाहीतर दुसऱ्या चॅप्टरला आडवे व्हाल.

आयुष्याची सलग गोष्टही मिळणार नाही. मॅग्नेटिझम, मग सुपरकंडक्टर, मग लिक्विड क्रिस्टल, मग पॉलिमर, एका विषयात नाव झालं की पठ्ठ्या निघाला पुढे, हे असं का केलं ते वाचायला मला जास्त आवडलं असतं.

शेवटी फ्रेंच शिक्षणावर राग आहे, गणिताचा अतिरेक, हाताने काही करायचंच नाही वगैरे, आणि त्याचं खापर ऑग्युस्त कोंत या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञावर. स्वतः १९७६ ते २००२ पॅरिसच्या ईएसपीसीआय या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा डायरेक्टर होता, त्यामुळे ही नुसती बडबड नाही. मुद्दा पटतो, पण तोच तोच येतो, आणि त्या सिस्टीमबाहेरच्या माणसाला निम्मी भांडणं कळतच नाहीत.