पावसाळ्यातलं फ्लाय फिशिंगचं ऑनलाइन वाचन : पाच महिन्यांनंतरचा अनुभव

जूनमध्ये पंचगंगेचं पाणी तांबडं झालं की माझी काठी माळ्यावर जाते. पुढचे चार महिने अख्ख्या कोल्हापूरचं लक्ष एकाच आकड्याकडं असतं, राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. अशा दिवसांत गळवाल्यानं घरीच थांबावं. पुराचं कारण आहेच, पण पहिल्या पावसात ओढ्यानाल्यांतून जे चढणीचे मासे येतात ते पोटात अंडी घेऊन येतात. त्यांना मारून पोतं भरणारे पाहिले की माझा जीव तुटतो.

इंग्लंडात नदीतल्या ट्राउट नावाच्या माशाचा हंगाम हिवाळ्यात बंद असतो. त्या थंडीच्या महिन्यांत तिथले लोक शेकोटीशी बसून फ्लाय, म्हणजे पिसांच्या नकली माशा, बांधतात आणि जुनी पुस्तकं वाचतात. त्यांचा हिवाळा तोच आपला पावसाळा, असं धरून मी यंदा जून ते ऑक्टोबर रोज रात्री तास-दीड तास हे वाचन केलं. सगळं फुकट आणि कायदेशीर. आपल्याकडं लेखक गेल्यावर ६० वर्षांनी पुस्तकाचा हक्क संपतो, आणि मी वाचलेले सगळे लेखक त्याच्या कितीतरी आधीचे. प्रोजेक्ट गुटेनबर्ग, इंटरनेट अर्काइव्ह आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी ह्या तीन वेबसाइटवर मिळून आयुष्यभर पुरेल एवढं आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे मत कुठून आलंय ते कळेल. उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. लहानपणापासून गांडूळ आणि कणकेची गोळी लावून मासे धरले. फ्लायची काठी हातात आली त्याला तीन वर्षं झाली. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी : आपल्या नेहमीच्या गळाला शिसं असतं, ते फेकलं की मागून तंगूस जातं. फ्लायला वजन नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली ती माशी फुंकरीनं उडेल एवढी हलकी. इथं वजन दोरीला असतं. माझी दोरी सहा नंबरची आहे, तिच्या पुढच्या ३० फुटांचं वजन साधारण साडेदहा ग्रॅम. ते वजन हवेत मागं-पुढं खेळवत माशी पाण्यावर ठेवायची. शिकवायला आसपास कोणी नव्हतं, म्हणूनही पुस्तकांकडं वळलो.

सुरुवात सगळे सांगतात तिथूनच केली, आयझॅक वॉल्टनचं १६५३ सालचं ‘द कम्प्लीट अँगलर’. पहिल्या महिन्यात ह्यात अडकू नका, असा माझा स्पष्ट सल्ला. पुस्तक गोड आहे, पण वॉल्टन मुळात आमिषवाला. फ्लायचं खरं ज्ञान त्याच्या मित्राला, चार्ल्स कॉटनला होतं, आणि कॉटनचा भाग १६७६ च्या आवृत्तीत जोडला गेला. स्वच्छ पाण्यात दोरा बारीक हवा आणि आपण लांब हवं, हे कॉटन मन लावून समजावतो. आधी तेवढा भाग वाचा, वॉल्टनकडं निवांत परत या.

माझा पावसाळा खऱ्या अर्थानं सार्थकी लावला तो आल्फ्रेड रोनाल्ड्सनं. त्याचं १८३६ सालचं ‘द फ्लाय-फिशर्स एन्टोमॉलॉजी’ मी तीनदा वाचलं. ह्या माणसानं स्टॅफर्डशायरमध्ये ब्लाइथ नदीच्या काठावर एक खोपटं बांधलं आणि त्यात बसून खालचे ट्राउट बघत राहिला. गळ न टाकता, नुसता बघत. मेलेल्या घरमाशा नळीतून फुंकून पाण्यावर सोडायचा. काहींना मध लावलेला, काहींना मोहरी, काहींना लाल तिखट, आणि मासा कुठली घेतो कुठली टाकतो ते टिपून ठेवायचा. माशांना आपलं बोलणं ऐकू जातं का हे बघायला खोपटाजवळ बंदुकीचे बार काढले. खालचे मासे हललेसुद्धा नाहीत. पण पावलाच्या दणक्याला बिचकतात. काठावर बोलू नको म्हणून मला लहानपणी किती वेळा धपाटे बसलेत! बोलण्यानं काही बिघडत नव्हतं, धावण्यानं बिघडत होतं.

ह्याच पुस्तकात एक आकृती आहे, पाण्यातल्या माशाला काठावरचा माणूस कसा दिसतो त्याची. मासा वर बघतो तेव्हा त्याला पृष्ठभागावर एक गोल खिडकी दिसते, आणि बाहेरचं सगळं जग त्या खिडकीत कोंबलेलं असतं. खिडकीच्या बाहेर पाण्याचा आरसा, त्यात तळाचं प्रतिबिंब. हिशोब सोपा आहे. मासा जेवढा खोल, त्याच्या सव्वादोन पटीपेक्षा किंचित जास्त खिडकीचा व्यास. एक फूट खोलीवर सव्वादोन फूट.

वाचून पटलं होतं, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आईच्या घरी परड्यात सिमेंटचा हौद आहे, जुलैत तो पावसानं काठोकाठ भरलेला. फोन वॉटरप्रूफ पिशवीत घातला, पाण्याखाली अर्धा फुटावर विटेवर उताणा ठेवला आणि व्हिडिओ चालू केला. मुलीला पंधरा फुटांवर उभं केलं. मग पाटावर बसवलं. मग परत उभं. “पप्पा, भिजायला लागलोय मी,” म्हणाली, पण थांबली. घरात येऊन दोघांनी मिळून बघितलं. फोनच्या वर पाण्यावर फुटापेक्षा थोडा मोठा उजेडाचा गोल, भोवती हिरवट काळोख. मुलगी उभी असताना गोलाच्या कडेला तिची पिवळी छत्री आणि डोकं दिसत होतं, दाबून बुटकं केल्यासारखं, पण स्पष्ट. ती बसल्यावर तिथं फक्त पिवळी रेघ उरली. हात हलवला तरी कळत नव्हतं. पाण्याला फार तिरपे येणारे किरण खिडकीच्या कडेला चेपले जातात, त्याचा हा परिणाम. त्या दिवसापासून मी नदीवर उभ्यानं दोरी टाकत नाही. गुडघ्यावर बसतो.

रोनाल्ड्सची एक अडचण मात्र आहे. त्यानं रंगवलेले कीटक इंग्लंडचे. महिनावार दिलेली त्याची यादी आपल्या नदीला लावता येत नाही. पण पद्धत लावता येते. मी वहीत आपली यादी सुरू केली. पहिल्या वळवाच्या संध्याकाळी दिव्याभोवती जी पंखवाली वाळवी उठते, तिनं पहिलं पान भरलं. हे किडे पाण्यावर पडले की मासे अक्षरशः तुटून पडतात. तपकिरी अंग, अंगाच्या दुप्पट लांब पंख, पाण्याला चिकटून पसरलेले. ती बांधायला विलायतेचं काही लागत नाही. तपकिरी दोरा आणि गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस. ब्रॉयलरचं पीस मऊ पडतं, पाणी पितं आणि माशी बुडते. गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस टणक असतं, बोटानं उलटं फिरवलं तर टोचतं. हुक धरायला लागतो तो व्हाइस मी वर्कशॉपमध्ये जुन्या पिन व्हाइसपासून केला.

पिसांवरून एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. जुन्या पुस्तकांत, विशेषतः साल्मन ह्या माशासाठी बांधायच्या फ्लायच्या कृतींत, ‘जंगल कॉक’ हा शब्द सारखा येतो. हा दुसरा तिसरा कोणी नसून आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा आहे. दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात पहाटे ओरडतो तोच. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब सुकावा तसे पांढरे-पिवळे ठिपके असतात. त्या ठिपक्यांसाठी एके काळी ही पिसं विलायतेला जायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आता त्याला संरक्षण आहे. कृती वाचून कुणीही ते पीस शोधायला जाऊ नये. काळ्या पिसावर पांढऱ्या आणि पिवळ्या नेलपॉलिशचा थेंब द्या, माशाला पुरतं.

भारतातल्या पाण्यासाठी वाचायचा माणूस म्हणजे हेन्री सुलिव्हन थॉमस. मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी. ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ चं, आणि ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ १८८७ चं. दुसऱ्याचं नाव वाचूनच मला रंकाळा आठवला. थॉमसकडं बसून शिकण्यासारखं म्हणजे माशाच्या तोंडावरून त्याच्या जेवणाचा अंदाज बांधणं. खडशीच्या, म्हणजे महाशीरच्या, जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. ओठ जाड आणि पुढं निघणारे. शिंपला, खेकडा, नदीत पडलेलं फळ, सगळं ती घशात दळते. म्हणून तिच्यासाठी नाजूक ट्राउटची माशी बांधून भागत नाही, भक्कम हुक लागतो. थॉमसच्या लिखाणात साहेबी थाट पुष्कळ आहे, नोकरचाकरांबद्दल तो जे लिहितो ते आज खटकतं, मलाही खटकलं. पण पाण्याकडं बघण्याची त्याची नजर पक्की आहे, त्यासाठी वाचा.

हॅलफर्ड आणि स्क्यूज, फ्लायवर लिहिणारे दोन इंग्रज, ही जोडी ऑगस्टमध्ये वाचली. १८८६ च्या पुस्तकात हॅलफर्ड तरंगत्या माशीची बाजू एवढी ठासून मांडतो की दुसरं काही करणं पाप वाटावं. स्क्यूज वकील. त्यानं १९१० मध्ये शांतपणे दाखवून दिलं की मासा बरंचसं अन्न पाण्याखालीच खातो. धरलेल्या ट्राउटच्या पोटात काय आहे ते तो लांब दांड्याच्या बारीक चमच्यानं काढून बघायचा. मी स्क्यूजच्या बाजूचा. आपल्या गढुळ, संथ पाण्यात तर त्याचंच खरं. हॅलफर्ड वेळ उरला तर वाचा.

आता त्रासाचं. एका संग्रहातून उतरवलेल्या रोनाल्ड्सच्या प्रतीत रंगीत चित्रं चक्क काळी-पांढरी निघाली. ज्या पुस्तकाचा जीवच रंगात, त्याचं असं झालं तर वाचण्यात अर्थ नाही. एकाच पुस्तकाच्या तीन-चार प्रती चढवलेल्या असतात, आधी चित्रांची पानं उघडून बघा, मगच फाइल उतरवा. नुसत्या मजकुराची फाइल घेऊ नका, पानांचे फोटो असलेली घ्या. यंत्रानं वाचलेल्या मजकुरात जुन्या छपाईचा लांब ‘एस’ सगळीकडं ‘एफ’ होतो आणि निम्मे शब्द कळत नाहीत. भाषांतराच्या अ‍ॅपवर तर अजिबात विसंबू नका, ‘फ्लाय’ दिसला की ते उडायला लावतं. माझं इंग्रजी बेताचं, अडलेले परिच्छेद मुलगी वाचून सांगायची. शिवाय पावसात वीज जाते, नेट जातं, म्हणून फाइली जूनच्या आधीच उतरवून ठेवा. मी एक ऑनलाइन माशा बांधायचा कोर्सही पैसे भरून घेतला होता. साहित्य सगळं परदेशी, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही. ते पैसे वाया गेले, आणि महिना गेला त्याचं जास्त वाईट वाटतं.

सप्टेंबरअखेर शेवटचं वाचायला घेतलं ते फ्लायचं नाही, पण प्रत्येक गळवाल्यानं वाचावं असं. कर्नल विल्यम हेन्री साइक्सचा दख्खनच्या माशांवरचा लेख. १८३९ मध्ये त्यानं ह्या माशांची शास्त्रीय वर्णनं पहिल्यांदा दिली. पुण्याच्या बाजूच्या नद्यांतले मासे, म्हणजे भीमेचे. भीमा कृष्णेला मिळते, आपली पंचगंगाही नरसोबाच्या वाडीला कृष्णेलाच मिळते, त्यामुळं पुष्कळ मासे एकच.

ऑक्टोबरात पाणी निवळल्यावर प्रयाग चिखलीला गेलो. तिथं आण्णा असतात, सत्तरी ओलांडलेले, मला गळ बांधायला शिकवलं ते त्यांनीच. काठावर बसून फोनवरची नावं त्यांना वाचून दाखवली. आधी म्हटलं, “आण्णा, ही लॅटिन नावं हायत, जगभरचे शास्त्रज्ञ हीच वापरतात.” मग वाचलं, “मुल्या.”

“मळ्या,” आण्णा म्हणाले. “दगडाला चिकटतोय त्यो.”

“सींगटी.”

“शिंगटी की रं. काटा लागला तर दोन दिस हात उचलत न्हाई.”

“कोलस.”

“कोळस.”

“खुद्री.”

ह्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग नदीकडं हात करून म्हणाले, “खडशी. माझा बा सांगायचा, एवढाली असायची हितं.” हात पसरला तो खांद्याएवढा. “त्या सायबाला नावं कुणी सांगितली असतील रं? आपल्यातल्याच कुणीतरी.”

मी म्हटलं, “व्हय, भोयांनी न्हाईतर कोळ्यांनी सांगितली असणार.”

“त्यांची नावं लिवल्यात काय त्यात?”

नव्हती. तसं सांगितलं. आण्णांनी मान हलवली आणि माझ्या हातातली वाळवीची माशी घेऊन उन्हात धरून बघायला लागले. पंखाचं पीस बोटानं उलटं फिरवलं आणि विचारलं, “गावठी?” मग परत दिली आणि म्हणाले, “बस खाली. उभा ऱ्हाऊ नको, दिसतंय त्यास्नी.”