सोलर वॉटर हीटर, 200 लिटर: टाकीतली विजेची कॉइल बंद केली तेव्हा कुठे बिल उतरलं

गेल्या आठवड्यात एक ट्यूब गेली आणि सर्व्हिसवाल्याशी चांगलंच वाजलं. हीटर बसवून वर्ष होत आलंय, तेव्हा सगळंच एकदा लिहून टाकते. पुण्यात धायरीला रो-हाऊस, घरात पाच माणसं, पाणी बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. हीटर व्हॅक्यूम ट्यूबचा, गच्चीवर दक्षिणेला तोंड करून.

आधी ट्यूबचं. ट्यूब म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन काचेच्या नळ्या, आतल्या नळीत पाणी आणि दोघींच्या मध्ये हवा काढून घेतलेली पोकळी. चांगल्या ट्यूबच्या एका टोकाला आतून चंदेरी डाग असतो, तो बेरियमचा. दोन काचांच्या मधल्या पोकळीत हवा शिरली की तो पांढराफटक होतो. आमच्या एका ट्यूबचा तसा झाला होता. भर दुपारी हात लावून पाहिलं तर बाकीच्या सगळ्या ट्यूब बाहेरून गार आणि ही एकटी चटका देत होती. म्हणजे ऊन पाण्यात जायच्या ऐवजी बाहेरच्या हवेत चाललं होतं. सर्व्हिसवाला आला आणि खाली उभं राहूनच म्हणाला, "काकू, तुमचं पाणी जड आहे, क्षारांमुळे झालं. आणि काच वॉरंटीत येत नाही." त्याला म्हटलं, दादा, क्षार बसतात ते आतल्या नळीत, जिथे पाणी असतं तिथे. दोन काचांच्या मध्ये पाणी जातच नाही, मग तिथली पोकळी क्षारांनी कशी जाईल? वॉरंटीचा कागद काढून दाखवला. त्यात "काच फुटल्यास" असं आहे, आणि ही फुटलेली नव्हती. शेवटी ट्यूब फुकट मिळाली, व्हिजिटचे पैसे मात्र घेतलेच. दुपारच्या उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी सोडलं तर ती तडकते, म्हणून बदलायचं काम सकाळी लवकर करायला लावलं. हे त्याला मी सांगावं लागलं याचा राग अजून आहे.

पण खरी तक्रार कॉइलबद्दल आहे.

बहुतेक सगळे जण पावसाळ्यासाठी म्हणून गच्चीवरच्या टाकीतच दोन किलोवॉटची कॉइल टाकून देतात. आम्हालाही तशीच दिली, आणि "ढग असले की बटण दाबायचं" एवढंच सांगितलं. जुलैचं बिल आलं तेव्हा मी चक्रावले. महावितरणचा 100 युनिटांपुढचा दर कसा चढतो ते ठाऊक आहेच, आम्ही 300 च्या पुढे गेलो होतो. तेव्हा माझ्या मावसबहिणीला मी फोन करून सांगितलं होतं, घेऊ नकोस, पावसाळ्यात नुसती शोभा आहे.

ते मत आता राहिलेलं नाही. ढगाळ दिवशी टाकीतलं पाणी गरम नसतं, पण गारही नसतं. दिवसभर ढगांतून येणारा उजेडही या ट्यूब थोडाफार पकडतात, आणि पाणी पस्तिशीच्या आसपास येऊन थांबतं. आंघोळीला 40 अंश पुष्कळ झाले. आता टाकीतली कॉइल काय करते? 200 च्या 200 लिटर पाणी 35 वरून 60 ला नेते. त्याला जवळजवळ 6 युनिट लागतात, तास मोजले तर तीन. आमच्या पाच बादल्या म्हणजे 100 लिटर, आणि त्यांना हवे असतात पाच-सहा अंश. त्यांचा हिशेब पाऊण युनिटाच्या आत बसतो. बाकीची उष्णता रात्रभर गच्चीवर थोडी थोडी निघून जाते. जी उरते ती दुसऱ्या दिवशी उन्हाची जागा अडवते, कारण आधीच तापलेल्या पाण्यात ऊन कमी मुरतं.

म्हणून ऑगस्टमध्ये आमच्या प्लंबरला बोलावून सोलरची लाइन बाथरूममधल्या जुन्या 15 लिटरच्या गिझरच्या इनलेटला जोडली आणि गच्चीवरच्या कॉइलचं बटणच काढून टाकलं. आता सोलर आधी तापवतो, उरलेलं गिझर करतो. नळाचं पाणी 22 अंशांचं असेल तर गिझरला एक टाकी 50 ला न्यायला अर्धा युनिट लागतो. तेच 36 चं आत आलं तर पाव युनिट. ऊन चांगलं असेल त्या दिवशी थर्मोस्टॅट चालूच होत नाही, गिझरचा लाल दिवा लागत नाही. सासूबाई तो दिवा बघूनच सांगतात आज वर पाणी कसं आहे. बिल पुन्हा 300 युनिटांच्या आत आलं आणि तिथेच आहे.

हे करताना दोन गोष्टी सांभाळा. उन्हाळ्यात वरून पाणी फार कढत येतं, त्यामुळे गिझरची मऊ प्लॅस्टिकची जोडनळी काढून स्टीलची जाळी असलेली लावा. आणि गिझर बाजूला ठेवून पाणी थेट नळाला नेता येईल असा बायपास व्हॉल्व्ह ठेवा. मार्च ते मे आम्हाला गिझर लागणारच नाही. तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरला गरम पाणी आत चालतं का, ते आधी त्याच्या कंपनीला विचारून घ्या.

राहिलेली कुरकुर पाइपची. गच्चीपासून खालच्या बाथरूमपर्यंत पंधरा-वीस मीटर पाइप आहे, त्यात चार-पाच लिटर गार पाणी अडकून असतं. ते आम्ही बादलीत धरतो, भांड्यांना जातं. पाइपवर फोमची नळी चढवली तर लागोपाठच्या आंघोळींत पाणी मध्येच गार होत नाही, पण सकाळच्या पहिल्या माणसाला थांबावंच लागतं.

मिळकतकरात 5 टक्के सवलत मिळते, पण तेवढ्यासाठी घेऊ नका. मावसबहिणीला परत फोन केला. तिला सांगितलंय, घे, पण कोटेशनमधून टाकीची कॉइल वगळायला लाव आणि तेवढ्या पैशांत मॅग्नेशियमची सळई जास्तीची मागून घे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात टाकी सडू नये म्हणून ती आतमध्ये झिजत राहते, आणि ती संपली का हे बघायला कुणी आपणहून येत नाही. आमची आता काढून बघायची आहे.