देणगी द्यावी की भागभांडवल?

मुंबईत सामाजिक कामाला पैसा देण्याची जुनी रीत देणगीची. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टमुळे उभं राहिलं. त्यावर नफा कुणी मागितला नाही, आणि तेच योग्य होतं.

दुसरी रीत व्हेंचर कॅपिटलची, म्हणजे नव्या उद्योगात हिस्सा घेऊन पैसे घालण्याची; फक्त परताव्याची घाई कमी. मुंबईतल्या १२९८ रुग्णवाहिका सेवेत २००७ मध्ये ‘अ‍ॅक्युमेन’ या ना-नफा गुंतवणूक संस्थेने पैसे घातले. पैसा मुळात देणग्यांचा, पण सेवेला मिळाला तो भागभांडवल म्हणून. दर ठरायचे रुग्ण कुठे चालला आहे त्यावरून: खासगी रुग्णालयात जाणाऱ्याला पूर्ण, सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याला कमी, अपघातात सापडलेल्याला मोफत. मला ही रचना मनापासून पटते. गरिबाला उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही, आणि गाडीचं डिझेल पुढच्या वर्षीच्या देणगीवर अडून राहत नाही.

पण यासाठी पैसे मोजणारा ग्राहक लागतो. गोवंडीतल्या कुपोषित बाळाकडून किंवा मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईकडून कसली वसुली करणार? तिथे निव्वळ देणगीच हवी. भागधारक आला की दर वाढवण्याचा दबावही येतो, म्हणून सवलतीचे दर करारातच लिहून घ्यावेत.

सोशल स्टॉक एक्स्चेंज म्हणजे सामाजिक संस्थांना पैसा उभारता यावा म्हणून शेअर बाजारात केलेला वेगळा विभाग. त्यावरचे ‘झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल’ रोखे नावाने गुंतवणूक वाटतात. त्यांत व्याज नाही, मुद्दलही परत नाही. ते देणगीच्याच रकान्यात धरा. मात्र कामाचा जाहीर अहवाल मिळतो, हा मोठा फायदा.