बोडीत मासे सोडायचे की शेततळ्यात?

गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या बांध्यांना लागून घरची बोडी, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं छोटं तळं असतं, आणि आता शेजारी अनुदानाचं शेततळंही झालेलं असतं. मग प्रश्न येतो की बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची माशांची पिल्लं, सोडायची कुठे. बहुतेक जण आधी किती बीज मावेल याचा हिशेब मांडतात. मी म्हणतो, मासा हातात घ्या आणि त्याची पाठ बघा. पाठ भरलेली असेल तर खाणं पुरतंय. डोकं मोठं आणि अंग शेपटीकडे निमुळतं दिसलं, तर पाण्यात दाटी झाली आहे.

हिमालयातल्या थंड पाण्यातला ट्राउट आपल्या उन्हाळ्यात जगायचा नाही, पण नियम त्यालाही हाच. डोंगरातल्या तळ्यात खाद्य तोकडं आणि पिल्लं भरमसाट झाली, की वय वाढतं पण मासा वीतभरच राहतो.

बोडीची मोठी जमेची बाजू म्हणजे गाळ. पावसाच्या पाण्याबरोबर शेण, पालापाचोळा वाहून येतो, त्यावर बारीक जीव वाढतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. खाद्याचा खर्च नावापुरता. बेशरमीची झुडपं माजलेली असतील तर ती मात्र आधी काढावी लागतात, नाहीतर जाळं ओढताच येत नाही. खरी अडचण पाण्याची. धान निसवायच्या वेळी पावसानं दडी मारली की बोडी फोडून पाणी धानाला द्यावंच लागतं. मासा धानापेक्षा मोठा नाही. पाणी अर्ध्यावर आलं की तेवढ्याच माशांची दाटी दुप्पट होते आणि वाढ तिथेच अडते. शिवाय लहान मासे गिळणारी मरळ असतेच. मोहाची ढेप टाकून ती मारतात, पण मला ते पटत नाही. बाजारात मरळीला कटल्यापेक्षा चांगला भाव मिळतो.

शेततळ्यात पाणी आपल्या हातात असतं. पण 30 बाय 30 मीटरचं तळं म्हणजे जेमतेम 9 गुंठे. हेक्टरी 5 ते 6 हजार बोटुकली धरली तर त्यात 450 ते 550 मासे बसतात. लोक दोन-तीन हजार सोडतात आणि वर्षभरानं बीज देणाऱ्याला शिव्या घालतात. प्लास्टिक अंथरलं असेल तर तळाला गाळ नाही, म्हणून मृगळ कमीच ठेवा. बाकीच्यांना रोज खाऊ घालावं लागतं. 300 ग्रॅमचे 400 मासे म्हणजे 120 किलो वजन. त्याच्या 2 टक्के धरले तरी कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप मिळून रोज जवळपास अडीच किलो. ढगाळ दिवसांत पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की खाद्य थांबवा आणि पंपानं त्याच तळ्याचं पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा.

दोन्हीकडे महिन्यातून एकदा फेकजाळं टाकून आठ-दहा मासे मोजा. वजन ग्रॅममध्ये घेऊन 100 नं गुणा आणि लांबीच्या सेंटिमीटरच्या घनानं भागा. 30 सेंटिमीटरचा रोहू 350 ग्रॅमचा असेल तर आकडा 1.3 येतो, 250 चा असेल तर 0.93. आकडा महिन्यागणिक घसरत असेल तर खाद्य वाढवण्याआधी थोडे मासे काढून विका.

रोज तळ्यावर जाणारं माणूस घरात नसेल तर बोडीच बरी. घरी कोंडा आहे, मोटर आहे, लक्ष आहे, तर शेततळं. दोन्ही असतील त्यांनी मात्र शेततळ्यात पहिलं वर्ष मुद्दाम दाटीत बीज ठेवावं. आंध्रातले तळेवाले हेच करतात: असं खुंटलेलं बीज मोकळ्या पाण्यात गेलं की झपाट्यानं वाढतं. पुढच्या पावसाळ्यात ते 100-150 ग्रॅमचं झाल्यावर बोडीत सोडा. एवढा मासा बहुतेक मरळींच्या तोंडात मावत नाही, आणि बोडी फेब्रुवारीत आटली तरी तोवर तो विकण्याजोगा झालेला असतो.