डॅनिश शिकायचं आहे: अॅप, शाळा की खासगी शिक्षक?

डेन्मार्कला जायचं नक्की झालं की बहुतेक जण आधी फोनवर ड्युओलिंगो हे भाषा शिकवणारं अॅप घेतात. त्यात वावगं काही नाही. फुकट आहे, सवय लागते, शब्द गोळा होतात. इंग्रजीतून शिकावं लागतं, पण ती आपल्याकडच्या बहुतेकांना अडचण वाटत नाही.

अडचण वेगळीच आहे. डॅनिश वाचायला बरीच सोपी आहे. क्रियापद 'मी', 'तू', 'ते' कुणासाठीही बदलत नाही, लिंगं दोनच. ऐकायला मात्र ती फार अवघड. 'काय' या अर्थाचा शब्द लिहितात एच-व्ही-ए-डी आणि कानावर येतं नुसतं 'वॅ'. 'मी'साठी जे-ई-जी लिहितात, बोलताना त्याचा 'याय' होतो. शब्दाच्या मधला किंवा शेवटचा 'ड' पुष्कळदा असा मऊ होतो की आपल्याला 'ल' ऐकू येतो. 'ती' आणि 'कुत्रा' हे दोन शब्द तर जवळपास सारखेच, 'कुत्रा' म्हणताना घशात क्षणभर आवाज अडकवतात इतकाच फरक. म्हणून पद्धत निवडताना मी एकच गोष्ट बघते: कान तयार होतो की नाही.

या कसोटीवर अॅप कमी पडतं. त्यातली वाक्यं सुटी आणि स्वच्छ, रस्त्यावरची डॅनिश घाईची आणि अर्धे शब्द गिळलेली. त्यापेक्षा पिम्सलर या ऑडिओ कोर्सचे अर्ध्या तासाचे, ऐकून उत्तर द्यायचे धडे मला कितीतरी उजवे वाटतात. त्याला पैसे पडतात आणि शब्दसंग्रह हळू वाढतो, पण तोंड उघडावंच लागतं.

खासगी शिक्षक आयटॉकी किंवा प्रेप्ली या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर मिळतो, तोही पुण्यात बसून. तासाचा दर शिक्षकागणिक वेगळा, आणि आठवड्यातून दोन तास घ्यायचे म्हटलं तरी खिशाला जाणवतो. तरी निघण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांसाठी माझं मत यालाच. जीभ कुठे चुकते आहे हे दुसऱ्या माणसाने थांबवून सांगावं लागतं, आणि सुरुवातीला बसलेला चुकीचा उच्चार नंतर सुटता सुटत नाही. पहिल्या तासांत व्याकरण मागू नका, उच्चार आणि आकडे मागा. पंचेचाळीस म्हणताना आपण पाच आधी घेतो, डॅनिश लोकही तसंच घेतात. पन्नासचा त्यांचा शब्द मुळात 'अडीच विसा' असा हिशेब आहे, सत्तर म्हणजे 'साडेतीन विसा'. इंग्रजांना जे डोकेदुखीचं वाटतं, ते अडीच-साडेतीनवर वाढलेल्या आपल्याला लवकर पचतं.

तिथे पोचलात आणि सीपीआर नंबर (तिथला रहिवासी नोंदणी क्रमांक) हाती आला, की निवड पुष्कळ सोपी होते. कम्यूनमार्फत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेमार्फत, भाषाशाळेत नाव घाला. नोकरीसाठी किंवा जोडीदार म्हणून गेलेल्यांना अनामत भरून हे वर्ग घेता येतात. सगळ्या वर्गांचे तीन स्तर आहेत. पदवीधरांना सहसा तिसऱ्यात बसवतात, आणि त्याची अंतिम परीक्षा 'प्रूव्ह इ डान्स्क ३' नागरिकत्वाच्या अर्जाला लागते. कायमच्या वास्तव्यासाठी एक पायरी खालची परीक्षा चालते. अनामत आणि मुदतीचे नियम बदलत राहतात, तेव्हा कम्यूनकडून ताजी माहिती घ्याच.

शाळेची दुसरी बाजूही आहे. वेग जास्त असतो, आणि शेजारी जर्मन किंवा डच माणूस असेल तर अर्धे शब्द त्याच्या ओळखीचे असल्याने तो भराभर पुढे जातो. त्याच्याशी तुलना करून खचून जाऊ नका. संध्याकाळचे वर्ग असतात, पण ऑफिसातून दमून आल्यावर ते निभावणं कठीण. लहान मूल घरात असेल तर सकाळचा वर्ग आणि पाळणाघर यांची वेळ जुळते का, ते आधी बघा.

शाळेत शिकलेलं वापरायला जागा हवी. दुकानात तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो, तो मदत म्हणूनच. पण त्यात आपला सराव बुडतो. ग्रंथालयांतले भाषा-कॅफे यावर उत्तम उपाय. तिथे स्वयंसेवक, बरेचदा निवृत्त मंडळी, मुद्दाम डॅनिशच बोलत बसतात. खर्च जवळपास काहीच नाही, आणि खासगी शिक्षकाची निम्मी गरज भागते.

वर्षभराच्याच कामासाठी जाणार असाल आणि ऑफिस इंग्रजीत चालत असेल, तर परीक्षेच्या मागे लागू नका. ऐकायचे धडे आणि आठवड्याला एक कॅफे पुरे. राहायचा विचार असेल, किंवा मुलं डॅनिश शाळेत जाणार असतील, तर पहिल्याच महिन्यात भाषाशाळा गाठा आणि अॅप बसमधल्या उजळणीपुरतं ठेवा.