भेंडवळची घटमांडणी: पाहायला जा, पेरणी मात्र पावसावर सोडा

भेंडवळची घटमांडणी ही वर्षातून एकदाच मिळणारी, बिनतिकिटाची भाकीतसेवा आहे: अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात धान्यं मांडायची आणि सकाळी दाणे कुठं सरकले ते पाहून वर्षाचं भविष्य सांगायचं. बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या या गावात वाघ घराणं ती चालवतं. चंद्रभान महाराजांनी सुरू केलेली ही परंपरा साडेतीनशे वर्षांची असल्याचं सांगतात. पीक, पाऊस, भाव, रोगराई, चारापाणी आणि राज्यकारभार, सगळ्याचं उत्तर एका रात्रीत. कुणाच्या अंगात येत नाही, कुणी घुमत नाही, लिंबू-नारळाची मागणी नाही. विदर्भातल्या बाकीच्या भविष्यवाल्यांच्या तुलनेत हा कारभार बराच स्वच्छ. पाहण्यासारखी गोष्ट म्हणून पाचपैकी चार गुण. बियाणं आणि कर्ज ठरवायला म्हणून फक्त एक.

नाव जळगाव असलं तरी खानदेशातल्या जळगावचं तिकीट काढू नका. रेल्वेनं नांदुरा किंवा शेगावला उतरायचं आणि पुढे रस्त्यानं जळगाव जामोद गाठायचं. रात्रीचा मुक्काम शेगावला संस्थानच्या भक्तनिवासात केलेला बरा. तारीख दरवर्षी हलते: 2024 मध्ये अक्षय तृतीया 10 मे रोजी होती, 2025 मध्ये 30 एप्रिलला. मांडणी त्याच संध्याकाळी होते, भाकीत दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला. बहुतेक लोक फक्त सकाळी येतात, आणि तिथंच चुकतात. संध्याकाळी दाणे नेमके कुठं होते ते पाहिलं नसेल, तर सकाळी काय हललं हे कळणार कसं? दोन्ही वेळा हजर राहता येत नसेल तर घरी बसून बातमी वाचा, फरक पडत नाही.

मांडणी गावाबाहेरच्या शेतात होते. जमिनीवर मोठं वर्तुळ आखून कडेनं अठरा धान्यं ठेवतात: ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी, अंबाडी, वाटाणा वगैरे. यातली काही नुसती पिकं नसतात. भादली या बारीक तृणधान्यावरून रोगराई पाहतात, मसुरीवरून शत्रू आणि करडईवरून देशाचं संरक्षण. वर्तुळाच्या मधोमध खड्डा. त्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. ढेकळांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पुरी, ती पृथ्वी. सोबत पापड, भजी, वडे, करंजी, सांडोई, कुरडई. करंजी तिजोरीची, सांडोई-कुरडई चाऱ्यापाण्याची. खड्ड्यात पानविडा आणि सुपारी, तो राजा. मग सगळे निघून जातात आणि रात्रभर तिथं कुणी फिरकत नाही.

सकाळी वाचन. धान्य जागेवर असेल तर पीक साधारण, दाणे आत-बाहेर सरकले असतील तर त्या मानानं कमी-जास्त किंवा भावात चढउतार. कोणतं ढेकूळ किती भिजलं त्यावरून त्या महिन्याचा पाऊस. विडा हलला नाही तर राजा कायम. राजकारणाचा हा भाग बातम्यांत सर्वांत जास्त चालतो आणि कास्तकाराच्या कामाचा सर्वांत कमी.

आता गडबड कुठं होते ते. दाणे आपोआप हलतात, पण सारखे हलत नाहीत. तिळाच्या हजार दाण्यांचं वजन दोन-तीन ग्रॅम, हरभऱ्याच्या हजार दाण्यांचं दीडशे ग्रॅमच्या वर. एप्रिल-मेच्या रात्री वारा सुटला की तीळ आणि भादली आधी पांगणार, हरभरा बसून राहणार. वाटाणा आणि मसूर गोल किंवा गुळगुळीत, जमिनीला जरा उतार असला की घरंगळतात. शिवाय शेतात मुंग्या आहेत, उंदीर आहेत, पहाटे चिमण्या-होले आहेत. तळणाचा वास शेजारी असताना मुंग्यांची रांग तिथून जाणारच, आणि जाता जाता बारीक दाणेही नेणार. म्हणजे रोगराईचं धान्य सर्वांत हलक्यांतलं, त्यामुळे रोगराईचं भाकीत वाऱ्याच्या हातात.

ढेकळांचंही तेच. मातीची घागर नवी असेल तर ती पाझरते, भाजणी कच्ची असेल तर जास्तच. पाझर ज्या बाजूनं उतरेल ते ढेकूळ ओलं. घागर जरा कलती बसली तरी जूनचं पाणी ऑगस्टला जातं. ढेकूळ काळ्या चिकण मातीचं असेल तर ओल धरून ठेवतं, भुसभुशीत असेल तर सकाळपर्यंत विरघळतं. यात कुणाची लबाडी असावी लागत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर उपाय सोपा आहे. आखजीलाच, म्हणजे अक्षय तृतीयेलाच, स्वतःच्या शेतात, एकाच संध्याकाळी, तीन कोपऱ्यांत तीन घट मांडा. प्रत्येक धान्याचे मोजून पन्नास दाणे, सारख्या मापाच्या तीन घागरी, एकाच जागेची ढेकळं. मांडल्यावर वरून फोटो काढा, सकाळी पुन्हा काढा. तिन्ही घट एकच सांगत असतील तर पुढे बोलू. एका घटात तूर जोरात आणि दुसऱ्यात मोघम निघाली, तर एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांतही जिचं एकमत होत नाही, ती पद्धत विदर्भाचं काय सांगणार?

भाकिताची भाषा हा वेगळा विषय. ‘साधारण’, ‘मोघम’, ‘कमी-जास्त’, ‘काही भागात चांगला’. जिल्हा नाही, तारीख नाही, मिलिमीटर नाही. अशी वाक्यं खोटी ठरतच नाहीत, म्हणून दिवाळीनंतर जो तो आपल्या शिवाराच्या हिशेबानं ‘बरोबर निघालं’ म्हणतो. ताळा करायचा असेल तर ज्या सकाळी भाकीत होतं त्याच दिवशी वहीत लिहा, महिना आणि पीक वेगळं करून. ‘साधारण’ म्हणजे सरासरीच्या किती टक्के, तेही आधीच ठरवा, नंतर नाही. महिना संपला की महारेन या सरकारी पर्जन्य संकेतस्थळावरचा आपल्या महसूल मंडळाचा पाऊस शेजारी टाका. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला तर ती सरकारी हिशेबानं अतिवृष्टी, तो दिवस लाल शाईनं. पाच हंगाम वही नेटानं ठेवली तरच मत द्यायला अर्थ आहे.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते घटमांडणीवर आक्षेप घेत आले आहेत, आणि पद्धतीवरचा त्यांचा आक्षेप रास्त आहे. पण लोक जातात ते नुसत्या भोळेपणानं नाही. कास्तकाराचा प्रश्न असतो: जून कसा, जुलै कसा, खंड कधी? घट निदान त्याच प्रश्नाचं उत्तर देण्याचा आव आणतो. हवामान खात्याचा एप्रिलमधला आकडा सगळ्या देशाचा असतो. 2023 ला त्यांनी सरासरीच्या 96 टक्के सांगितला, पडला 94. 2024 ला 106 सांगितला, पडला 108. 2025 ला 105 सांगितला, पडला 108. देशाच्या मापानं हे उत्तम. पण 2023 चा ऑगस्ट 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि 94 या आकड्यात तो कुठंच दिसत नाही. खारपाणपट्ट्यात, जिथं विहिरीचं खारं पाणी पिकाला देता येत नाही, तिथं असा एक महिना सगळं वर्ष खातो.

म्हणून एप्रिल-मेच्या कुठल्याच भाकितावर, घटाच्या किंवा खात्याच्या, पेरणी ठरवू नये. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला पाहावा, हवामान खात्याच्या मेघदूत ॲपवर तालुका टाकून ठेवावा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल वीतभर खाली गेल्याशिवाय तिफण बाहेर काढू नये. दुबार पेरणीचं मुख्य कारण पहिल्या सरीवर उडी मारणं हेच असतं, आणि ‘जूनमध्ये चांगला’ असं भाकीत असलं की उडी लवकर पडते. घटाचा खरा तोटा झाला तर इथं होतो. सोयाबीनवाल्यांनी एवढंही ध्यानात ठेवावं की ही मांडणी सोयाबीन विदर्भात येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

भावाच्या भाकितावर माल दाबून ठेवणारे आणखी वेगळे. तुरीचा भाव म्यानमार आणि मोझांबिकहून येणाऱ्या मालावर आणि दिल्लीच्या आयात धोरणावर हलतो. तरी तेजी सांगितली म्हणून तूर ठेवायचीच असेल तर निदान नीट ठेवा. दाताखाली कट्कन फुटेल इतकी उन्हात वाळवा, जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून सुकवा, थप्पी भिंतीपासून हातभर दूर आणि लाकडी फळ्यांवर लावा. पाऊस सुरू झाला की दर पंधरवड्याला एक पोतं उघडून भुंगा पाहा. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती भुंग्याची अंडी असतात, मग भावाची वाट न पाहता माल बाजार समितीत न्या.