‘पंप गेला’ म्हणणाऱ्याकडे आधी गेज मागा

छोट्या ट्रॅक्टरचा लोडर (पुढची, तेलाच्या दाबावर उचलणारी बकेट) जोर धरेना म्हणून गाडी गॅरेजला गेली की फसवणूक ठरलेल्या वाटेने होते. मिस्त्री बकेट दोनदा वर-खाली करतो, पंपाचा आवाज ऐकतो आणि सांगतो, ‘पंप गेला.’ दाब मोजणारा गेज लावलेला नसतो, तेलाची काडीसुद्धा बाहेर काढलेली नसते. मग ‘नवीन’ म्हणून बसतो तो धुऊन रंग मारलेला जुना पंप. आणि गाडी परत देण्याआधी रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेचा, स्क्रू हळूच आवळला जातो, किंवा स्प्रिंगखाली एक शिम (पातळ चकती) वाढवली जाते. लोडर ताबडतोब जोरात उचलतो, मालक समाधानाने बिल भरतो. दाब कंपनीच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो, हे त्याला होस (तेलाची नळी) फुटल्यावर किंवा सिलिंडरचं सील उडाल्यावर कळतं.

हा डाव चालतो, कारण ‘लोडर कमजोर’ या एका तक्रारीत दोन वेगळे दोष लपलेले असतात. बकेट हळू चालते पण वजन उचलते, तर तेलाचा प्रवाह कमी पडतोय. रिकामी बकेट झटकन वर जाते पण भरलेली जागची हलत नाही, तर दाब कमी आहे. दाबाचा हिशेब कागदावर मांडता येतो. 50 मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) एक सिलिंडर 170 बारवर सुमारे 3,400 किलोचा जोर देतो, तोच 120 बारवर 2,400 किलोवर येतो. रिलीफच्या सीटवर कचऱ्याचा एक कण अडकला किंवा स्प्रिंग ढिली पडली, तरी एवढी घट होते आणि पंप मात्र शाबूत असतो.

म्हणून 350 बारपर्यंतचा ग्लिसरीनचा गेज लागतो. तेल कामाच्या तापमानाला आणा, बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर सगळ्या बाजूंना हलवून दाब सोडा. लोडरच्या एका होसचा क्विक कपलर (झटपट सुटणारा जोड) सोडून लिव्हरच्या व्हॉल्व्हकडच्या कपलरला गेज जोडा. इंजिन सुरू करून त्या बाजूची लिव्हर पूर्ण दाबा, रिलीफ सी-सी आवाज करू लागला की आकडा वाचा आणि लिव्हर सोडा. चार-पाच सेकंद पुरतात, जास्त धरलं तर तेल तापतं. आधी कमी आरपीएमवर, मग जास्त आरपीएमवर. आकडा दोन्ही वेळा सारखाच आणि कंपनीच्या पुस्तकातल्यापेक्षा कमी आला, तर संशय रिलीफवर. आरपीएम वाढवल्यावर आकडाही चढत गेला, तर पंप झिजलाय किंवा व्हॉल्व्हमध्ये आतून गळती आहे. आकडा पुरेपूर आला, तर पंपाला हात लावायचं कारणच नाही. दोष सिलिंडरच्या सीलमध्ये, दबलेल्या होसमध्ये किंवा अर्धवट बसलेल्या कपलरमध्ये शोधायचा. पंपाच्या तोंडावर, मधे रिलीफ नसताना, गेज लावून वाट कधीच बंद करू नका. पंपाची बॉडी फुटते.

गेजच्याही आधी तेल. ट्रॅक्टर सपाट जागेवर, सिलिंडर पूर्ण आत, मग काडी पाहा. फेस दिसला, तर तेल कमी आहे किंवा सक्शनच्या (पंप तेल ओढतो त्या) बाजूची ओ-रिंग, क्लॅम्प हवा ओढतोय. तेल दुधाळ असून उभं ठेवूनही निवळत नसेल, तर पाणी शिरलंय. तेल थंड असताना पंप किंचाळतो आणि गरम झाल्यावर सुधारतो, तेव्हा सक्शनची जाळी किंवा फिल्टर तुंबलेला असतो. हा किंचाळण्याचा आवाजच ‘पंप गेल्याचा’ पुरावा म्हणून ऐकवला जातो, आणि यातच सगळ्यात जास्त लोक फसतात. बरेच दिवस तसंच चालवलं तर पंप खरोखरच जातो, हेही खरं.

जुना ट्रॅक्टर विकणारा नेमकं उलट करतो. झिजलेला पंप थंड, घट्ट तेलावर बरा उचलतो. तेल गरम होऊन पातळ झालं की ढेपाळतो. म्हणून सकाळी, गाडी थंड असताना दाखवतात. अर्धा-पाऊण तास काम करवून मगच भरलेली बकेट उचलायला लावा. वर धरून इंजिन बंद करा. बकेट भराभर खाली येत असेल, तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्हचा स्पूल (आतला सरकता दांडा) गळतोय. त्या वेळी बकेटखाली कुणीही उभं राहू नये. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं, आणि घुसलं तर जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा.

तेलातही लुबाडतात. छोट्या ट्रॅक्टरमध्ये बहुधा हायड्रॉलिक, गिअर आणि ऑइल ब्रेक यांचं तेल एकच असतं. तिथे नुसतं हायड्रॉलिक तेल ओतलं, तर लोडर चालतो पण ब्रेक कर्कश वाजतात आणि झिजतात. डबा सीलबंद असताना स्वतः पाहा, त्यावरचा दर्जा पुस्तकाशी ताडून घ्या.

पंप बदलायची वेळ खरंच आली, तर काम सुरू होण्याआधी जुन्या पंपावर पंचने खूण करा आणि तो परत घ्यायचं आधीच ठरवा. नव्याची नंबरप्लेट रंगाखाली गेली असेल, बोल्टच्या डोक्यावर पान्याचे ओरखडे असतील, सांध्यातून सिलिकॉन डोकावत असेल, तर तो नवीन नाही. गाडी घेताना गेजचे कामाआधीचे आणि नंतरचे आकडे, तेलाच्या तापमानासकट, बिलावर लिहून घ्या. नंतरचा आकडा पुस्तकातल्या आकड्याच्या वर असेल, तर रिलीफ पूर्ववत करून घेतल्याशिवाय बकेटमध्ये माती भरू नका.